समोरचा कोपरा

१

दलालाचा नियम असा होता की घर विकायचं तर प्रत्येक खोलीचे चार फोटो पाहिजेत. चार कोपऱ्यांतून चार. पाठ कोपऱ्याला टेकलेली, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि समोर अख्खी खोली. हे सगळं त्यानं लाडीगोडीनं म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. ज्यानं चाळीस वर्षं फोटो काढून घर चालवलं, त्याला! म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं त्याचं नाव मधाळ ठेवून टाकलं.

घर तीन खोल्यांचं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. म्हाताऱ्यानं ते स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. पण पाच वर्षांपूर्वी पुढं कटकट नको म्हणून त्यानं आपल्या हातानं सही करून ते मुलाच्या नावावर केलं. कटकट टळली आणि घरही टळलं. आता चिरंजीव म्हणत होते, घर विकू, तुम्ही आमच्याकडं चला. आमच्याकडं म्हणजे चौथा मजला. खोल्या नातवंडांनी भरलेल्या, म्हणून काचा लावून बंद केलेली गॅलरी आणि तिच्यात एक खाट.

"उजेड छान येतो बाबा तिथं," मुलगा म्हणाला.

"झाडाची कुंडी ठेव मग," म्हातारा म्हणाला.

घर नावावर नाही म्हटल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. तेव्हा त्यानं फक्त एवढंच अडून मागितलं की माझ्या घराचे फोटो मी काढणार, दुसऱ्या कुणी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मुलाला वाटलं, चला, म्हातारा वठणीवर आला. कसला येतोय! त्यानं भर दुपारी बारा फोटो काढले आणि बाराच्या बारा मुद्दाम काळे काढले. कॅमेऱ्याचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं बारीक केलं, उजेड आत येऊच दिला नाही. खिडकी तेवढी दिसत होती, बाकी नुसता कोळसा. बघू म्हणाला, असलं घर कोण घेतंय ते.

२

फोटो बघून मधाळानं मुलाला फोन केला, मुलानं बायकोला सांगितलं आणि सूनबाई रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन हजर झाली. सूनबाई एका कचेरीत कागदपत्रं बघायची. तोंडानं फटकळ. पण म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलणारी घरात तीच एक होती.

"बाबा, हे घराचे फोटो आहेत की बोगद्याचे?"

"घर अंधारंच आहे."

"दुपारी बाराला? चाळीस वर्षांत तुमचा एक फोटो वाया गेला नाही आणि आज नेमके बारा गेले. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्याच्या कडेला एक दांडी होती, मागंपुढं सरकवायची. तिचं नाव लोकल कॉन्ट्रास्ट.

"सगळ्या फोटोला एकदम उजेड दिला की खिडकी पांढरीफटक होते," ती सांगू लागली. "हे तसं नाही करत. फोटोचे बारीक बारीक तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यांशी ताडून बघतं. जिथं दबलंय तिथंच तेवढं उचलतं."

"मी तीस वर्षं काय करत होतो मग? तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली लावून, फोटो छापताना उजेडात हात घालून, जिथं पाहिजे तिथंच सावली धरायचो."

"तेच हे. फक्त एका मिनिटात."

आणि खरंच एका मिनिटात तिनं पुढची खोली वर काढली. भिंत आली, फरशी आली, फरशीच्या फटीसुद्धा आल्या. म्हाताऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या मेहनतीनं घातलेला काळोख हिनं ताटातलं खरकटं निपटावं तसा निपटून काढला!

"कडा पडल्यात बघ," तो चरफडत म्हणाला. दाराच्या मुठीभोवती, दिव्याच्या बटणाभोवती पांढरी रेघ आली होती, डाग धुतल्यावर भोवती साबण राहतो तशी. "टिकली हलती ठेवावी लागते. हात थांबला की वस्तूभोवती कडा येते. तुझ्या यंत्राला हात कुठाय?"

"ते दांडी जास्त ओढली की होतंच. जिथं वस्तू तिथं कडा. कमी करते." तिनं मागच्या खोलीचा पहिला फोटो उघडला, दांडी ओढली आणि थांबली. "ही कसली?"

मागची खोली म्हणजे म्हाताऱ्याची जुनी अंधारी खोली. तीस वर्षं त्यानं तिथं फोटो धुतले होते. आता मधाळाच्या सांगण्यावरून ती पार रिकामी केली होती, खिळासुद्धा ठेवला नव्हता. फोटोत ती तशीच रिकामी होती. फक्त समोरच्या कोपऱ्यात, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत, एक पांढरी कडा होती. वर गोल, खाली रुंद, पुढं दोन उंचवटे. गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून कुणी बसावं तशी.

कडेच्या आत काही नव्हतं. भिंतच होती. भिंतीचा तोच रंग आणि तेच पोपडे.

"ओल असेल," सूनबाई म्हणाली.

म्हातारा तरातरा मागं गेला आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर तळहातानं चार थापा मारून आला. भिंत ठणठणीत कोरडी होती. त्याला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तो काळोख त्यानं स्वतः घातला होता. आपण घातलेल्या काळोखात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. काही नसतं.

३

मागच्या खोलीच्या चार कोपऱ्यांना घरात चार नावं होती. दाराचा, खिडकीचा, ट्रंकेचा आणि कपाटाचा. ट्रंक गेली, कपाट गेलं, नावं राहिली. म्हाताऱ्यानं फोटो त्याच क्रमानं काढले होते, भिंतीभिंतीनं एक फेरी मारून.

पहिला फोटो दाराच्या कोपऱ्यातून होता. कडा ट्रंकेच्या कोपऱ्यात.

दुसरा खिडकीच्या कोपऱ्यातून. सूनबाईनं दांडी ओढली. कडा कपाटाच्या कोपऱ्यात.

"ओल असती तर जागची हलली नसती," ती हळूच म्हणाली.

"काचेवर घाण असेल."

"काचेवरची घाण सगळ्या फोटोंत एकाच जागी दिसेल ना बाबा. आणि स्वयंपाकघराच्या फोटोंत नाहीये ती."

म्हाताऱ्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण सुनेच्या तोंडून ऐकायला नको होतं. "तिसरा काढ," तो खेकसला.

तिसरा फोटो ट्रंकेच्या कोपऱ्यातून काढलेला. म्हणजे पहिल्या फोटोत जिथं ते बसलं होतं, तिथं पाठ टेकून म्हातारा उभा होता. कडा आता दाराच्या कोपऱ्यात होती. चौथ्यात खिडकीच्या. दर वेळी म्हाताऱ्याच्या बरोबर समोर. तो एक कोपरा पुढं सरकला की तेही एक कोपरा पुढं सरकलं होतं, त्याच दिशेनं, त्याच चालीनं. आणि दर वेळी पोचून, गुडघे जवळ घेऊन, मान खाली घालून बसलेलं.

सूनबाईनं मुलाला फोन लावला. फोनमधून त्याचा आवाज बाहेर येत होता. "डाग असेल गं. पुसून टाक. आज संध्याकाळपर्यंत फोटो पाठवायचेत."

तिनं पुसलं. आजूबाजूची भिंत उचलून चारही कडांवर चिकटवली. चारही फोटो लख्ख झाले. काम करताना तिनं खुर्ची फिरवून घेतली होती. आधी तिची पाठ मागच्या खोलीकडं होती, आता तोंड होतं.

"चहा टाकू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नको बाबा, निघते," ती म्हणाली. एरवी दोन कप पिऊन जायची.

४

सोमवारी सकाळी दहाला म्हातारा मागच्या खोलीत गेला. भीती वगैरे काही नाही, त्याला नुसता संताप आला होता. तीस वर्षं तो त्या खोलीत काळोखात उभा राहिला होता. इथला काळोख त्याच्या खिशातला होता. त्यात कुणी न विचारता घुसावं आणि ते एका यंत्रानं आपल्याला सांगावं?

खिडकीतून ऊन येत होतं. फरशीवर उन्हाची चौकट पडली होती. खोली साफ रिकामी.

तो दाराच्या कोपऱ्यात पाठ लावून उभा राहिला. समोर ट्रंकेचा कोपरा. काही नाही. मग भिंतीला खांदा घासत तो खिडकीच्या कोपऱ्याकडं चालू लागला. शर्टाचा भिंतीला घासल्याचा आवाज होत होता, खस्स, खस्स. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पलीकडच्या भिंतीवरूनही खस्स, खस्स येत होतं. घुमणारच. सामान नसलं की घुमतं, हे कुणीही सांगेल.

तो मध्येच थांबला.

पलीकडचा आवाज थांबला, पण एक खस्स जास्त करून.

म्हातारा तसाच उभा राहिला. कानात रक्ताचे ठोके पडत होते. वय झालंय, कान वाजतात, डॉक्टर म्हणालेच होते. त्यानं हात वर करून पाहिला, शर्ट पाहिला, भिंतीचा चुना बाहीला लागला होता तो झटकला. मग एकदम पुढं दोन पावलं टाकली आणि थांबला. खस्स, खस्स. आणि पलीकडून खस्स, खस्स, खस्स.

"कोण आहे रे!" तो ओरडला. "माझं घर आहे हे!"

तसं बघायला गेलं तर ते त्याचं नव्हतंच, मुलाचं होतं. ते आठवून त्याला आणखी राग आला. त्यानं दार धाडकन ओढून घेतलं, कडी घातली आणि दिवसभर पुढच्या खोलीत बसून राहिला. जेवण असं झालंच नाही. दुपारी रद्दीवाला आला तर त्याच्यावरही डाफरला.

५

लख्ख फोटोंना गिऱ्हाईक लागलंच. गुरुवारी भर दुपारी मधाळ एका जोडप्याला घेऊन आला. नवरा अंगानं जाड, सारखा घाम पुसणारा. बायको मात्र चटपटीत. तिच्या हातात लोखंडी पट्टीची टेप होती आणि ती दारात शिरल्यापासून मापंच घेत होती.

"काका, भिंती सरळ आहेत ना हो?"

"पडलीय का अजून एखादी?" म्हातारा म्हणाला.

"मोकळ्या स्वभावाचे आहेत," मधाळ हसून म्हणाला.

तिनं मागच्या खोलीची कडी काढली. म्हातारा तिच्यामागं जाऊन दाराच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा राहिला. तिनं लांबी मोजली, रुंदी मोजली. मग म्हणाली, आता तिरकं मोजते, म्हणजे खोली काटकोनात आहे का ते कळेल. ती ट्रंकेच्या कोपऱ्याजवळ गेली, टेपचं टोक मागं धरलं, "धरा हो जरा" म्हणाली आणि मागं न बघता, आकड्यांवर नजर ठेवून, टेप सोडत सोडत म्हाताऱ्याच्या दिशेनं चालत आली.

टेप सरळ ताणलेली होती. जमिनीपासून गुडघाभर वर, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये जराही झोळ नव्हता.

टेपच्या टोकाला आकडी असते. आकडी कशात तरी अडकली असेल. कशात? खिळे त्यानंच उपटले होते, भोकंसुद्धा बुजवली होती.

"झालं," बाई आकडा बघून म्हणाली. "सोडा आता."

टोक सुटलं. टेप सर्रर्र करत येऊन तिच्या मुठीत गेली.

"अगं," स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला, "हे बघ, नळाला पाणी चांगलंय इथं!"

बाईनं आवाजाकडं मान वळवली. मग ट्रंकेच्या कोपऱ्याकडं बघितलं. मग म्हाताऱ्याकडं. म्हाताऱ्याच्या हाताची घडी तशीच होती. तिनं टेप पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली, ती अडली तर परत लावली आणि खोलीबाहेर गेली. पुढच्या खोलीत मधाळाचा गोड आवाज बराच वेळ चालू होता. तिचा एकदाही आला नाही.

६

शनिवारी चिरंजीव आले ते चप्पल न काढताच.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"एक शब्द बोललो नाही."

"मग ती बाई फुकट मिळालं तरी नको का म्हणते? दलालानं हात वर केले! म्हणतो, तुमच्या वडिलांसमोर मी पुन्हा गिऱ्हाईक उभं करणार नाही. आधी फोटो काळे काढलेत, मग माणसं पळवलीत. हा काय पोरखेळ आहे?"

"माझं घर आहे."

"माझ्या नावावर आहे!"

"मग ये ना राहायला!" म्हातारा उभा राहिला. त्याचा आवाज चढला तसा मुलाचाही चढला. दोघंही एकाच मातीचे. शेजारच्या खिडक्या उघडल्या. सूनबाई उंबऱ्यात उभी होती, ती आत आली नाही. ती नवऱ्याच्या शर्टाला धरून सारखी म्हणत होती, "अहो, बाहेर या. बाबा, तुम्हीपण बाहेर या. बाहेर बोलू."

"नाही विकत मी!" शेवटी मुलगा म्हणाला. "राहा इथंच, एकटे राहा, भिंतींशी भांडत बसा! पडलात, आजारी झालात तरी मला बोलावू नका!"

"नाही बोलावणार!"

मुलगा निघून गेला. म्हातारा जिंकला. त्यानं दार लावलं आणि खुर्चीत बसला. छाती धपापत होती. घर राहिलं. काळे फोटो कामी आले नाहीत, भांडण कामी आलं नाही, आपोआप राहिलं. कुणाच्या कृपेनं राहिलं हे मात्र मनात येऊ लागलं आणि ते विचारायचं कुणाला, या विचारानं त्याला इतका राग आला की त्यानं जवळचा पाण्याचा पेला उचलून भिंतीवर फेकला.

पेला पुढच्या खोलीच्या भिंतीवर आपटून खाली पडला. मागच्या खोलीत, कडीआड, काहीतरी जरासं सरकलं. खस्स.

७

दहा दिवसांनी सकाळी अकराला सूनबाई एकटीच आली. म्हाताऱ्याचे गाल बसले होते. तो आता पुढच्या खोलीत सुद्धा भिंतीला टेकून बसत नव्हता.

"बाबा, चला," ती म्हणाली. "यांना मी समजावलंय. घर राहू दे तुमचंच, विकत नाही कुणी. पण तुम्ही चला. हात जोडते."

"तुझ्या त्या यंत्राला घाबरून?"

"मी घाबरलेय, तुम्ही कशाला घाबरताय? माझ्यासाठी चला."

हे जरा आत कुठंतरी लागलं आणि लागलं म्हणूनच म्हातारा बिथरला. "घाबरतो? मी? ये इकडं." त्यानं मागच्या खोलीची कडी खाडकन काढली. दार भिंतीवर आपटलं. आत ऊन होतं, फरशीवर उन्हाची चौकट होती, चार कोपरे होते आणि चारही रिकामे. "कोपऱ्यात उभा राहिलो की समोरच्या कोपऱ्यात येतं, असंच ना तुझं म्हणणं? मी मध्ये उभा राहतो. मधल्या माणसाला समोरचा कोपराच नसतो. बघू कुठं जातंय. काढ फोटो!"

"बाबा, नको."

"काढ म्हणतो ना!"

तो खोलीच्या बरोबर मध्यावर, उन्हाच्या चौकटीलगत जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून, हनुवटी वर करून. सूनबाईनं दारातूनच मोबाईल धरला. हात तिनं दाराच्या चौकटीला टेकवला. खट्.

"ओढ ती दांडी."

मोबाईलमध्येही ती दांडी होती, तिनं अंगठ्यानं ओढली. म्हातारा तिच्या तोंडाकडं बघत होता. ते हळूहळू कागदासारखं झालं. अंगठा थांबला, पण ती मान वर करेना.

"कुठल्या कोपऱ्यात आहे?"

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला.

"अगं, बोल ना! कुठल्या कोपऱ्यात?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली.

"बघ!" म्हातारा गरजला. "सांगत होतो मी!" आणि तीन ढांगांत येऊन त्यानं तिच्या हातातून मोबाईल ओढून घेतला.

कोपरे रिकामे होते, खरंच. खोली स्वच्छ होती. मध्ये तो उभा होता आणि त्याच्याभोवती पांढरी कडा होती, डोक्यावरून, खांद्यांवरून, घडी घातलेल्या कोपरांवरून. ती असणारच. जिथं वस्तू तिथं कडा. पण त्या कडेच्या बाहेर, चार बोटांवर, आणखी एक कडा होती. तिलाही खांदे होते. तिलाही कोपरं होती, पण घडी घातलेली नव्हती. दोन्ही हात पुढं येऊन त्याच्या छातीवर मिळाले होते. आणि डोकं त्याच्या डोक्यापेक्षा जरासं वर होतं. आता ते बसलेलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं मोबाईल खाली केला. अंगावर काही जाणवत नव्हतं. वजन नाही, गारवा नाही, काही नाही. छातीपाशी शर्ट जरा चुरगळला होता. तो सकाळपासूनच चुरगळलेला असेल.

त्याचा राग कुठं गेला ते त्याला कळलं नाही. तो गेला तशी खोली फार मोठी झाली.

"थांब," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचाच वाटला नाही. "पिशवी भरतो. दोन कपडे घेतो आणि येतो तुझ्याबरोबर. गॅलरीत तर गॅलरीत."

तो एक पाऊल तिच्याकडं आला. सूनबाई एक पाऊल मागं गेली. तो आणखी एक आला, ती आणखी एक गेली, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून उंबऱ्यापर्यंत. मोबाईल त्याच्याच हातात राहिला होता, तो तिनं मागितला नाही. ती त्याच्याकडं बघत होती, पण त्याच्या डोळ्यांत नाही. त्याच्या डोक्याच्या जरासं वर.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "बाबा, नका येऊ. घरी लेकरं आहेत माझी. तुम्ही इथंच राहा."